बारा व्होल्ट असूनही

शांभवी गडहिंग्लजहून कोल्हापुरात आली होती ती इंजिनं उघडायला, आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन. गॅरेजमालक गणपतरावांनी तिला काउंटरवर बसवलं. दोन वर्षं नुसती बिलं फाडून ती विटली होती. आज मात्र तिनं सरळ विचारलं, "मालक, विजयसिंह पावण्यांची गाडी मी बघू?"

त्या गाडीनं सगळ्या गॅरेजचा जीव मेटाकुटीला आणला होता. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा जाता जाईना. स्कॅनर एकच सांगायचा: सायलेन्सरच्या पाइपावरच्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर चालत नाही. गणपतरावांनी दोनदा सेन्सर बदलला, दिवा पुन्हा हजर.

"बघ की. पन न्हाय जमलं तर परत पान्याचं नाव काढायचं न्हाय. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली आणि पान्यांचा डबा ओढला.

तिनं सेन्सरचा सॉकेट सोडवला. चार वायरी, त्यांतल्या दोन पांढऱ्या हीटरच्या. मीटर लावला, सहा ओहम. हीटर धडधाकट होता. मग किल्ली फिरवून गाडीकडून येणारी वायर तपासली. बारा व्होल्ट.

"बारा येतोय की! मी काय आंधळा हाय व्हय?" गणपतराव गरजले.

इथंच सगळे फसले होते. मीटरला करंट लागतो चिमूटभर, हीटरला पसाभर. शांभवीनं हीटरसारखाच भरपूर करंट ओढणारा इंडिकेटरचा जुना बल्ब घेतला, एक टोक त्या वायरीला लावलं, दुसरं बॅटरीच्या मायनसला. बल्ब नुसता लालसर मिणमिणला. वायर मीटरला बारा दाखवत होती आणि कामाच्या वेळी अंग काढून घेत होती! शांभवीला तिथंच नाचावंसं वाटलं.

वायर धरून ती मागं मागं गेली. बॅटरीखालचा जोड उघडला तर आतली पिन गंजून हिरवीगार.

"पाणी गेलंय," ती म्हणाली आणि थबकली. खंडेनवमीला गिऱ्हाइकांच्या गाड्या बॉनेट उघडून प्रेशरनं धुवायच्या, हा गणपतरावांचा तीस वर्षांचा नेम. पाइप ते स्वतः धरायचे. जुन्या, कमी वायरींच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ते खपून जायचं. ही गाडीही तशीच धुतली होती, आणि दिवा लागला तो दसऱ्यानंतर. मालकांची चूक मालकांच्या तोंडावर सांगायची? पण गिळून बसलं तर पुढच्या वर्षी आणखी चार गाड्या.

"मालक, खंडेनवमीला आपण बॉनेटमधी पाणी मारलतं," तिनं सांगून टाकलं.

गणपतरावांनी चष्मा लावून पिन पाहिली, पुन्हा पाहिली.

शांभवीनं नवी पिन बसवली. बल्ब लख्ख पेटला. सॉकेट जोडून, स्कॅनरनं बिघाडाचा कोड पुसून ती पन्हाळ्यापर्यंत फेरी मारून आली. दिवा परत लागला नव्हता.

दुपारी विजयसिंह आले. गणपतरावांनी साऱ्या गॅरेजला ऐकू जाईल असं सांगितलं, "पावणं, सेन्सर धडच हुता. पाणी मी मारलतं, मीच बिघडवली. तीन हप्ते मला न्हाय घावलं, हिला दोन तासांत घावलं. हितनं पुढं वायरिंगची गाडी आली की हिलाच हाक मारा. मी बी हिलाच इचारनार हाय."

शांभवीचे डोळे भरून आले. ग्रीसनं काळे झालेले हात असल्यामुळं तिला ते पुसताही येईनात, आणि पुसावेसेही वाटेनात.