भरदार आवाजाचा जनरेटर

मला बघायला आले तेव्हा यांनी चहा संपायच्या आत होकार दिला होता. जनरेटर बघण्यात मात्र कित्येक शुक्रवारच्या सुट्ट्या घालवल्या. आम्ही आखातात राहायचो; अस्करला अहमदच्या यार्डात कुठल्याशा सैन्याने विकायला काढलेला माल उन्हात पडलेला असे. आमचे हे, बँकेतले अकाउंटंट, प्रत्येक इंजिन रुमालाने पुसून बघायचे. मी सावली शोधत फिरायचे.

जनरेटर हवा होता सासूबाईंसाठी. त्यांना दमा होता. एक्याऐंशी सालच्या त्या उन्हाळ्यात झिंजमधल्या आमच्या गल्लीतली वीज सारखी जायची, आणि एसी बंद पडला की त्यांचा जीव कोंडायचा. धाप लागली की शब्द फुटत नसे, हात थरथरत. म्हणून त्यांनी देव्हाऱ्यातली पितळी घंटा उशाशी घेऊन ठेवली होती. ती वाजली की मी हातातलं काम टाकून धावायचे आणि पंप त्यांच्या तोंडाशी धरायचे.

"देवाला आता टाळ्या वाजवून उठव," त्या मला म्हणायच्या.

शेवटी यार्डात दोन जनरेटर पसंतीला उतरले. एक लहान, पत्र्याच्या पेटीत बंद, आवाजाला मवाळ. त्याच्यावर एका खोलीचा एसी चालला असता. दुसरा मोठा, हिरवा, उघडा.

"अहो, लहान घेऊ या. त्यांच्या खोलीपुरता पुरे आहे," मी म्हटलं.

"अगं, घ्यायचाच तर अख्खं घर चालेल असा घ्यावा."

अहमदने मोठा चालू केला. आम्ही तिघं ओरडून बोलू लागलो. यांचा चेहरा असा खुलला, की मला रागच आला.

"ऐकलास आवाज? कसा भरदार आहे!"

"मिलिट्री का माल है, साब. मफी मुश्किल, कोई प्रॉब्लेम नहीं," अहमद ओरडला.

मोठाच आला. मागच्या बोळात, सासूबाईंच्या खिडकीखाली बसला, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. पहिल्यांदा चालू केला तेव्हा त्यांनी कानांवर हात ठेवले. बंद झाल्यावर हसून म्हणाल्या, "बरं झालं बाई. आता माझी कुरकुर ऐकायला नको तुम्हाला." आम्हीही हसलो.

पुढच्याच शुक्रवारी दुपारी वीज गेली. हे धावत बोळात गेले. क्षणात दिवे, पंखे, एसी, सगळं चालू. सासूबाईंची खोली गार झालेली बघून आम्ही दार ओढून घेतलं. मग यांना उत्साह चढला. टीव्ही लावला. मला म्हणाले, मिक्सर लाव, बघू ओढतो का. मी चटणी वाटली. त्यानेही काही अडलं नाही. शेजारची सगळी घरं बंद होती आणि आमचं तेवढं घर घरघरत होतं. खोटं कशाला बोलू, मलाही ऐट वाटली.

वीज आली. यांनी जनरेटर बंद केला. मी चहा घेऊन खोलीत गेले. सासूबाई पलंगावरून अर्ध्या खाली आल्या होत्या. पंप पलंगाखाली गेला होता. घंटा मुठीत होती. ती मूठ मला सोडवेना.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं असेल, झोपेतसुद्धा होतं असं. यांनी ते घट्ट धरून ठेवलं. येईल त्याला सांगत, आईला कळलंसुद्धा नाही. मी पाणी आणायला आत जायचे.

तेराव्यानंतर एका सकाळी हे म्हणाले, "स्मिता, तू आईच्या खोलीत जा. दार लावून घे. घंटा वाजव. मी स्वयंपाकघरात थांबतो."

"कशाला हो? नका."

"मला एकदा ऐकायची आहे."

वीज होती, तरी यांनी जनरेटर चालू केला. मी पलंगावर बसले आणि घंटा वाजवू लागले. मनगट दुखायला लागलं तरी थांबले नाही. बऱ्याच वेळाने दार उघडलं. हे वैतागलेले दिसत होते.

"अगं, वाजव ना!" हे ओरडले.

मग यांची नजर घंटा हलवणाऱ्या माझ्या हाताकडे गेली.