वीतभर म्हाताऱ्या

मासेवालीची लेक संगणकावर मासे वाढवायची. हसू नका, मासेवालीही आधी हसलीच होती! कारखान्याचा नाला तलावाला मिळतो तिथल्या माशांच्या अंगात किती पारा साठतो, त्याने त्यांचं काय बिघडतं, हे लेकीचं गणित सांगणार होतं. ते पटलं तर तिथली मासेमारी बंद होणार होती, आणि मासेवालीचा निम्मा माल तिथूनच यायचा. तरी ही बाई बाजारभर मिरवायची, "माझी पोरगी माशाच्या पोटातलं ओळखते!"

पण एका जागी घोडं पेंड खात होतं. गणिताने सांगितलं त्याच्या तिप्पट पारा वीतभर माशांत निघाला. लेकीच्या प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, "सोमवारपर्यंत जमव, नाहीतर गणित केराच्या टोपलीत." रविवारी लेक तोंड पाडून आईच्या ओट्यापाशी येऊन बसली.

"एवढीशी पिल्लं गं, वर्षभरात इतका पारा साठेल कसा?"

"पिल्लं? कोणी सांगितलं?"

"वजनावरून वय धरतो आम्ही."

आईने ओट्यावरची नाल्याकडची एक वीतभर मासळी उचलली. "डोंबल तुमचं! खवला बघ किती राठ. काटा सुरीला दाद देत नाही. म्हाताऱ्या आहेत या! नाल्याकडची मासळी वाढतच नाही, बाजारात कुणालाही विचार."

लेकीच्या डोक्यात उजेड पडला. विष साठत होतं आणि तेच वाढही खुंटवत होतं. गणितात दुसरी गोष्ट धरलीच नव्हती. ती हळूच म्हणाली, "आई, हे जुळलं तर तुझा निम्मा माल जाईल."

आईचा हात थांबला. इतकी वर्षं आपण लोकांना काय खाऊ घातलं! तिने सुरीने खवले खरवडून लेकीपुढे केले. "जाऊ दे. खवले ने आणि मोज."

भिंगाखाली खवल्यांवर वर्षाला एक अशी वलयं दिसली. सहा, सात, एकावर तर आठ! लेकीने खरं वय आणि खुंटलेली वाढ गणितात धरली. सोमवारी साहेबांनी पारा न तपासलेले दहा मासे पुढे ठेवले, "आधी तुझ्या गणिताचे आकडे लिही." आठवड्याने तपासणी आली. दहातले नऊ जुळले. साहेब उठून उभे राहिले, "सुचलं कसं?"

"आईने सांगितलं."

महिन्याभरात नाल्याकडे जाळं टाकायला बंदी आली. शेजारची मासेवाली कडाडली, "कुणी दिला आमच्या पोटावर पाय?"

निम्म्या रिकाम्या ओट्यामागून आई ताडकन उठली. "माझ्या लेकीने! आणि तिच्या जोडीने मी."