झेलिंदाची काच

मी काचेची एक पट्टी बोलतेय. माझ्या अंगावर मेंदूचा पापुद्र्यासारखा पातळ काप चिकटलेला आहे. लोक माझ्याकडे बघून वाहवा करत, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

इटलीतल्या पाविया गावच्या इस्पितळातल्या डॉक्टर रावित्सांनी तो काप आधी नारिंगी औषधात मुरवला, मग चांदीच्या द्रावणात बुडवला. पिवळ्या जमिनीवर एकेक मज्जापेशी काळीकुळकुळीत उठून आली, अगदी फांद्यांसकट. पुढे पेशीच्या पोटातही त्यांना एक नाजूक जाळं सापडलं. विद्यार्थ्यांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवलं.

पण तो मेंदू झेलिंदाचा होता. ती नदीकाठच्या प्रिमो कोळ्याची बायको. झटके येऊन इथेच गेली. प्रिमोला कुणी काही विचारलं नव्हतं.

एका सकाळी तोच ओल्या फडक्यात वाम मासा गुंडाळून आला.

"डॉक्टरसाहेब, गावभर तुमचंच नाव! झेलिंदाला किती जपलंत तुम्ही. ती असती तर रांधूनच आणली असती. माझ्या हातची खाल, तर पुन्हा शोध लागायचा नाही!"

हसत हसत त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. खाली मीच होते.

"अरे वा! हिवाळ्यातलं तुतीचं झाडच की! कुणाचं हो हे?"

डॉक्टर अडखळले. "घु... घुबडाचं."

"बरंय बाबा. मागे रडणारं कुणी नसेल."

तो गेला. डॉक्टर वाम हातात धरून तसेच उभे. मग एकाएकी मला मुठीत घेऊन धावले आणि त्याला पायऱ्यांवर गाठलं.

"प्रिमो, घुबडाचं नाही ते. झेलिंदाचं आहे. मी न विचारता घेतलं."

आता हा हात उगारणार, असं मला वाटलं. पण तो मटकन खाली बसला.

"म्हणजे मी आत्ता तिला पाहिलं... आणि ओळखलं नाही?"

डॉक्टरांनी मला त्याच्या हाती दिलं.

रविवारी दफनभूमीत प्रिमोने हातांनीच माती उकरून मला तिच्याजवळ ठेवलं. डॉक्टर लांब, भिंतीपाशी उभे होते.

"जवळ या की," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा तुम्हीच तिला जास्त पाहिलंय."

त्यांची पावलं उचललीच नाहीत.

आता माझ्याकडे कुणी बघत नाही, हे बरंच आहे. ज्ञान हवं तेवढं मिळवा, बाबांनो. पण माणसाच्या आत डोकावण्याआधी, त्याच्या माणसांना एकदा विचारा.