बोटीला अस्तर

माझ्या नवऱ्याला अटी घालायची फार हौस. साधं फिरायला निघायचं तरी हा आधी अटी सांगणार आणि दाराबाहेर पडल्यावर स्वतःच त्या विसरणार. त्यामुळे तो आपल्या बहिणीला म्हणाला, "ताई, रविवारी कोणालाही हाक न मारता तुम्ही दोघींनी बोट पाण्यात उतरवून दाखवा. नाही जमलं, तर सोमवारी दातांचे डॉक्टर ती विकत घ्यायला येतायत," तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. वन्संनी मात्र घेतलं.

"बोट गेली तर मीही लेकाकडे जाईन म्हणते," त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "तो कधीचा बोलावतोय. इथे माझं असं मग राहिलंच काय?"

नणंद म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण वन्सं आल्यापासून आमच्या घराला बोलता यायला लागलंय. यजमान गेल्यावर त्या दोन बॅगा, शिलाई मशीन आणि ही छोटी बोट एवढंच घेऊन आल्या. त्याआधी नवरा पेपरात डोकं घालून बसायचा आणि मी भिंतींशी गप्पा मारायचे. मला त्या जायला नको होत्या, आणि हे मी कोणालाही छातीठोक सांगेन.

बोटीत काही खोट नव्हती, घोळ सगळा गाडीच्या मागे जोडून बोट न्यायच्या ट्रेलरचा. तळ्यावरचा उतार बेताचा. त्यामुळे गाडीची मागची चाकं पाण्यात जाईपर्यंत ट्रेलर मागे न्यायचा, आणि इतकं करूनही बोट ट्रेलरच्या लाकडी फळ्यांना चिकटून बसायची. मग पाण्यात उभं राहून ढकला. मागच्या खेपेला ढकलताना वन्सं शेवाळावरून घसरल्या, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांना एका कुशीवर झोपावं लागलं. तेव्हापासून नवऱ्याने विक्रीचा धोशा लावला होता.

"ट्रेलर आपण मापाचा करून घेऊ," वन्सं म्हणाल्या. त्यांनी उभा जन्म शिवणकाम केलेलं. गळ्यात टेप अडकवून त्या ट्रेलरभोवती फिरू लागल्या, आणि मी खडूने खुणा करत मागे मागे. गाडी कोरडी राहावी म्हणून ट्रेलरचा पुढचा दांडा लांब करायचा, बोट वाकडी जाऊ नये म्हणून मागे दोन बाजूंना दोन उभे खांब लावायचे, असं ठरलं. वेल्डर मापं बघून म्हणाला, "बाई, खांबांत अंतर जास्त होतंय." वन्सं म्हणाल्या, "माया सोडलीय. सैल झालं तर आत घेता येतं." लोखंड आत घेता येत नाही, हे आम्हाला खांब पक्के जोडून झाल्यावर कळलं. वेल्डर तोंड फिरवून हसला. मग वन्संनी जुन्या गादीचा कापूस भरून खांबांना जाड खोळी शिवल्या आणि बोट त्यांच्यात बरोबर बसवली.

फळ्यांचं काय करायचं ते उरलं होतं. वन्संनी माझ्या नवऱ्याचा लग्नातला कोट कपाटातून काढला आणि माझा हात त्याच्या बाहीत घातला. "गेला ना सटकन? का गेला? आतून अस्तर आहे म्हणून." त्यांच्याकडे अस्तराच्या कापडाचा अख्खा तागा पडून होता, चकचकीत जांभळा. रात्रीच्या जेवणाआधी दोन्ही फळ्यांना दुहेरी अस्तराचे अभ्रे चढले. बोटीच्या तळाला मेणही चोळलं. नवरा अंगणात येऊन बघून गेला. "ट्रेलर आहे की नवरी?" एवढंच बोलला आणि आत जाऊन एकटाच हसत बसला.

अंगणात बोट ट्रेलरला बांधणारा पट्टा सोडून पाहिला, तर ती जागची हलली नाही, कारण आमचं अंगण सपाट आहे. इतकी साधी गोष्ट आम्हा दोघींच्या डोक्यात आली नाही. उलट अस्तर पुरेसं नाही असं वाटून आम्ही आणखी मेण चोळलं.

रविवारी वन्संनी गाडी मागे घेतली, मी हाताने खुणा करत होते. नवरा परीक्षक. कडक इस्त्रीचा शर्ट, त्यावर नारिंगी जीवरक्षक जाकीट, आणि चेहऱ्यावर आमच्याबद्दलची कीव. ट्रेलर अजून उतारावरच होता, पाणी चाकांना नुसतं लागत होतं. तेवढ्यात हा शिडी लावून बोटीत चढला. "मी बसतो. माझ्या वजनाने तर ही मुळीच हलायची नाही. बघाच तुम्ही."

"पट्टा सोडू का?" मी वन्संना विचारलं.

"सोड की. अजून पाण्यात कुठे गेलीय?"

मी हूक काढला. मला वाटतं, बोटीने माझा हात बाजूला व्हायचीसुद्धा वाट पाहिली नाही. सर्रकन आवाज झाला, जांभळं काहीतरी चमकलं, आणि माझा नवरा मांडी घातलेल्या स्थितीत, तोंड आमच्याकडे करून, उलटा तळ्यात निघून गेला. एका थेंबानेही भिजला नाही. त्याचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं होतं, ते तसंच उघडं लांब लांब जात होतं.

आम्ही दोघी खाली बसलो. उभं राहणं शक्यच नव्हतं. वन्सं हसता हसता गाडीच्या दारावर हात आपटत होत्या, आणि माझ्या तोंडून नुसता शिट्टीसारखा आवाज येत होता.

"वल्ही कुठायत?" पाण्यातून आवाज आला.

वल्ही गाडीच्या डिकीत होती.

"कोणाला तरी बोलवा ना."

"कोणालाही हाक मारायची नाही," वन्संनी ओरडून सांगितलं. "अट तुझीच."

वारा आमच्या बाजूचा निघाला. त्याने बोट काठाकाठाने ढकलत गवताजवळ आणली. नवऱ्याने दोर फेकला, पहिल्यांदा स्वतःच्याच डोक्यावर. पुढच्या खेपेला वन्सं गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि त्यांनी तो झेलला. मी म्हटलं, ओढा आता. वन्संनी ओढला नाही. दोर मनगटाला गुंडाळून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"उतरली ना बोट?" त्यांनी भावाला विचारलं.

"उतरली."

"मग विकायची का?"

तो जाकिटाच्या पट्ट्यांशी खेळू लागला. पळायला जागा नव्हती. "त्या दिवशी तू घसरलीस आणि उठेचनास," तो म्हणाला. "मी काठावर उभा होतो. माझे पायच चालेनात, ताई. तुला काही झालं असतं तर? म्हणून म्हटलं, बोटच नको. तू लेकाकडे जाशील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तू म्हणालीस तेव्हापासून मला झोप नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं लांब बोलणं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

त्याने खिशातून फोन काढला. "डॉक्टर, उद्या येऊ नका. बोट द्यायची नाहीये. हो, ताई इथेच राहणार आहे." डॉक्टरांनी ताईचं काही विचारलं नसणार. "इथेच," तो पुन्हा म्हणाला, आणि फोन बंद केला.

माझे डोळे भरून आले. वन्संच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र गेलं होतं.

"लेकालाही तूच फोन कर," त्या म्हणाल्या. "मी काल त्याला हो म्हणून बसलेय. त्याने माझ्यासाठी खोलीसुद्धा रंगवायला घेतलीय. मला नाही सांगता यायचं."

नवऱ्याने आमच्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं. "लावतो," तो म्हणाला. "पण आधी मला काठावर घ्या."

"आधी फोन," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांनी दोर जरा सैल सोडला.