एकाच डबीतले छर्रे

मी एक जुना वेगमापक आहे, मित्रांनो. एअर रायफलमधून सुटलेला छर्रा किती वेगानं जातो, ते मी सांगतो. माझं अंग म्हणजे पत्र्याची पेटी आणि तिच्यावर वीतभर अंतरानं बसवलेले प्रकाशाचे दोन डोळे. छर्रा पहिल्या डोळ्यावरून गेला की मी मोजायला लागतो, दुसऱ्यावरून गेला की थांबतो. तुमची पापणी लवायच्या आत माझं काम आटोपलेलं असतं.

नागापूरच्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्या कारभारी मिस्त्रींनी मला सुट्टीच्या दिवसांत जुळवलं आणि जवळच्या नेमबाजी क्लबला देऊन टाकलं. सुरुवातीला माझा थाट होता. नवी रायफल आली की आधी माझ्यापुढे यायची. पुढे पडद्यावर गुण दाखवणारी निशाणं आली. मुलं गुण बघू लागली, वेग कुणी विचारेना. मी कपाटात गेलो आणि माझ्या एका डोळ्यावर कोळ्यानं जाळं विणलं.

यंदा दसऱ्यानंतर मला बाहेर काढलं, ते ज्ञानेश्वरीमुळे. ही तिसगावची मुलगी, एसटीनं सरावाला येणारी. जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती तिला मिळेल असं सगळे धरून चालले होते. पण तिचे छर्रे अचानक वरखाली लागू लागले.

"पोरीचा हात कापतोय," तिच्याबरोबर सराव करणारा समर्थ म्हणाला. "ज्ञानेश्वरी, तू आपली जत्रेत फुगे फोड!"

"हात न्हाई कापत माझा," ती म्हणाली. पण डोळे भरले होते.

प्रशिक्षक सत्यशीला मॅडमही कोड्यात पडल्या. समर्थची सहा नंबरची रायफल आणि हिची सात नंबरची, दोन्ही एकाच दिवशी आलेल्या. छर्रे एकाच डबीतले, मॅडमनी स्वतः एकेक तोलून निवडलेले. मग दोष मुलीचाच, नाही का?

मॅडमनी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी माझं जाळं पुसलं. "हात कापतो का नळी, ते माझ्या मीटरला विचारू."

समर्थनं सहा नंबरमधून तीन छर्रे मारले. मी सांगितलं : सेकंदाला एकशे बहात्तर मीटर, पुन्हा बहात्तर, त्र्याहत्तर. ज्ञानेश्वरीनं सात नंबर उचलली. एकशे पासष्ट, एक्कावन्न, त्रेसष्ट.

"आता समर्थ, तू मार सात नंबरनं," मिस्त्री म्हणाले.

एकशे छप्पन्न, चौसष्ट, पन्नास. समर्थनं रायफल मिस्त्रींच्या हातात दिली.

मिस्त्रींनी नळीतून फडकं ओढलं. ते लालपिवळं होऊन बाहेर आलं!

"मीच भरलं," ज्ञानेश्वरी खाली मान घालून म्हणाली. "खंडेनवमीला. घरी विळ्याला, ट्रॅक्टरला लावतो तसं. तेल, हळद, कुंकू. बाहेर थोडं वाटलं, म्हणून आतपण."

मिस्त्री पोट धरून हसले. "अगं बाई, देवाला नैवेद्य दाखवायचा असतो, घशात कोंबायचा नसतो!"

नळी स्वच्छ झाली. आता मी सांगितलं : एकशे सहासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट. तरी तिचा चेहरा खुलेना. "समर्थच्यापेक्षा सहानं कमीच की वो."

"कमीच राहणार," मिस्त्री म्हणाले. "एकाच यंत्रावर कापलेल्या दोन नळ्याही तंतोतंत जुळत नाहीत. एक केसभर घट्ट, एक आतून जरा जास्त गुळगुळीत. पीठ एकच असलं, तरी तवा बदलला की भाकरी बदलते. तुला समर्थचा वेग नको. तुझ्या रायफलचा वेग दर वेळी तोच हवा. तो आता आहे. त्याच्याशी नेम धरायची साइट जुळव."

मित्रांनो, मी हजारो छर्रे मोजले; पण त्या दुपारी मला माणसांचंच कौतुक वाटलं. चूक कबूल करणाऱ्या मुलीचं, आणि कुणालाही न दुखवता खरं शोधणाऱ्या म्हाताऱ्याचं. ज्ञानेश्वरीनं साइटचा स्क्रू टिचकी टिचकीनं फिरवला, श्वास रोखला. दहा छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ लागले. मॅडमनी यादीत तिचं नाव लिहिलं. समर्थच पहिला म्हणाला, "हात लई पक्का हाय गं तुझा."

आम्हा यंत्रांची पूजा जरूर करा. कुंकवाचं बोट बाहेरून लावा, आतून मात्र नुसतं कोरडं फडकं फिरवा. आम्हाला तेवढं पुरतं. आणि कुणाचा हात कापतो असं म्हणावंसं वाटलं, तर आधी आमच्यासारख्या एखाद्या म्हाताऱ्याला कपाटातून काढून विचारा. आम्ही कुणाची बाजू घेत नाही.