शिंपीकाकांचा अंगठा

तिनं ट्रे दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि मान खिडकीकडे वळवली. सिस्टर शिंपीकाकांच्या पायाची पट्टी सोडवत होत्या. वास यायचा तो आलाच.

नर्सिंगला तिचं नाव लागलं होतं. पण प्रवेशाआधी पंधरा दिवस वॉर्डात काढायचे, असा कॉलेजचा नियम. दुरून डोंगर साजरे होते. पहिल्याच आठवड्यात ती दोनदा चक्कर येऊन पडली. भाऊ म्हणाला, "झुरळ मेलं तरी घर डोक्यावर घेते, आणि निघाली नर्स व्हायला." त्याचं काही चुकत नव्हतं. आज पंधरावा दिवस. पाचच्या आत नाव काढून घेतलं नाही, तर ऑफिस प्रवेश कायम धरणार होतं. काढायचं, हे तिनं सकाळी दात घासतानाच ठरवलं होतं, आल्या आल्या सिस्टरांना सांगितलंही होतं आणि तेव्हापासून तिला सारखं रडू येत होतं.

"काका, उद्या घरी," सिस्टर म्हणाल्या. "पट्टी रोज तुमची तुम्हालाच बदलायचीय. घरात दुसरं कोणी नाही ना? मग आज बघून घ्या."

काकांनी डोळ्यांवर हात आडवा धरला. साखरेच्या आजारात त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला, त्याला नऊ दिवस झाले होते. नऊ दिवसांत त्यांनी एकदाही पायाकडे पाहिलं नव्हतं.

"उद्या बघतो."

"रोज हेच म्हणता. काही नाही हो, किरकोळ आहे."

"किरकोळ आहे तर तुमचा द्या कापून."

काकांनी बोटांच्या फटीतून ट्रे धरलेल्या मुलीकडे पाहिलं.

"कसं दिसतंय गं?"

"माहीत नाही." खोटं तिला सुचलंच नाही. "मीही बघत नाहीये. मला शिसारी येते. तुमचीच असं नाही, सगळ्यांचीच."

सिस्टरांचा चिमटा हवेतच थांबला. आता बोलणी खावी लागणार, असं वाटून मुलीनं मान खाली घातली. पण काका हसले, अगदी पोट हलेपर्यंत.

"चला, एक जण तरी खरं बोललं. जो येतो तो म्हणतो, काही नाही. काही नाही तर मला एवढी भीती का वाटते?" हात अजून डोळ्यांवरच होता. "तू बघ. काय असेल ते सांग. मग मी बघतो."

नाही म्हणणं तिला जमलं असतं. पण या माणसाला उद्यापासून बंद घरात एकट्यानं हेच करायचं होतं. तिला त्यांची फार दया आली. तिनं मान पायाकडे वळवली.

"अंगठा नाहीये," ती म्हणाली. "तिथं पाच टाके आहेत, काळ्या दोऱ्याचे. कडेला लाल आहे, सुजलंय. थोडं पिवळं पाणी येतंय. वाईट दिसतंय, काका. पण पाय तुमचाच वाटतो."

काकांनी हात खाली घेतला. बराच वेळ पाहिलं. डोळे भरून आले, ते त्यांनी बाहीला पुसले. मग चष्मा मागून घेतला आणि पायावर वाकले.

"चार टाके झकास. पाचवा घाईत मारलाय. माझ्या दुकानात चाललं नसतं."

पट्टी त्यांनी स्वतः बांधली. तिनं टाच हातात धरून ठेवली, शेवटची चिकटपट्टी लागेपर्यंत. मग ट्रे जागेवर ठेवला, न पळता बेसिनपर्यंत गेली आणि भडाभडा ओकली.

परत आली तेव्हा सिस्टर ट्रॉली आवरत होत्या.

"झाली उलटी?"

"झाली."

"साडेचार वाजले. नाव काढायचं होतं ना तुला? नीघ, ऑफिस बंद होईल."

"सहा नंबरच्या आजींचं ड्रेसिंग राहिलंय."

"त्यांची जखम याहून मोठी आहे. बघवेल तुला?"

"नाही," ती म्हणाली आणि ट्रॉली सहा नंबरकडे ढकलू लागली.