गुणाबाईच्या कातडीतलं जनुक

वळ गावातल्या चार गोदामांची मालकीण झाली, तरी आक्कानं ओहोटीला खाडीत कालवं काढायला जाणं सोडलं नव्हतं. विकतची कालवं घरात आली की सासऱ्याचं नाव बुडतं, असं ती म्हणायची. गणपतीआधी ती आणि शेजारची गुणाबाई एकाच खडकावर घसरल्या. शिंपल्यानं दोघींचे पाय कापले. गुणाबाईची जखम आठ दिवसांत भरली. आक्काचा अंगठा महिन्यानं काळा पडायला लागला. डॉक्टर म्हणाला, साखर बंद, गोळ्या चालू, नाहीतर पंधरा दिवसांत अंगठा कापावा लागेल.

"शुगर शेरातल्या लोकांना व्हते," म्हणत आक्का वज्रेश्वरीला गेली, गरम कुंडात पाय बुडवून पेढे घेऊन आली. प्रसादातली साखर बाधत नाही, हे तिला डॉक्टरपेक्षा जास्त ठाऊक होतं. गोळ्यांना मात्र तिनं हात लावला नाही.

नात रुचिका बी.एस्सी.ला होती. तिनं सायबर कॅफेतून एक प्रिंट आणली. "आक्का, कातडी फाटली की आत एक जनुक जागं होतं. ते एक एन्झाइम बनवून घेतं. ते साखर जाळतं आणि त्या ताकदीवर नवी कातडी येते."

"हाय ना मंग. आमचं रगतच तसं हाय," आक्का म्हणाली.

संध्याकाळी ओट्यावर बायांसमोर तिनं हे जनुक असं सांगितलं, जणू ते माहेरहून आंदणात आणलं असावं. वाल सोलता सोलता गुणाबाईनं रुचिकाला विचारलं, "माझ्यात न्हाय का गं ते?"

"सगळ्यांत असतं, गुणाआजी. ही तर उंदरांवर केलेल्या प्रयोगाची माहिती आहे."

बायांनी तोंडाला पदर लावले.

"मंग माझं झोपलंय का?" आक्कानं नातीला विचारलं.

"जागं असेलही. पण रक्तात साखर तुंबली की त्याचं काही चालत नाही."

"आन् उंदराचं चालतं?"

"उंदराला पेढे कोन देतो?" गुणाबाई वालातून मान वर न काढता म्हणाली.

आक्का लंगडत आत गेली. पेढ्यांचा पुडा आणून तिनं गुणाबाईच्या मांडीवर ठेवला. "खा, गुणे. सगळं खा. तुझं जनुक लय कामाचं हाय ना, जरा त्यालाबी ही साखर पचवू दे."

मग रुचिकाकडे न बघता तिनं विचारलं, "त्या गोल्या कुटं ठेवल्यात?"